दावण, वैरण आणि मालकी : ‘गोतावळा’च्या पुनर्वाचनाच्या निमित्ताने

मराठी ग्रामीण कादंबरीच्या समीक्षेत पीक आणि जनावर यांची फारकत केव्हा झाली हे नेमके सांगणे कठीण आहे. ती झालेली आहे, एवढे मात्र कोणत्याही विद्यापीठीय टिपणावरून ध्यानात येते. पीक हा ‘शेतीप्रश्ना’चा भाग मानला जातो. अवर्षण, कर्ज, बाजारभाव, सावकारी, सहकार अशा शीर्षकांखाली त्याची चर्चा होते आणि ती करताना समीक्षकाची भाषा आपोआप समाजशास्त्राकडे झुकते. भास्कर चंदनशिव यांच्या ‘लाल चिखल’ या कथेतील टोमॅटो हे या अर्थाने ‘प्रश्ना’चे पीक आहे. जनावर मात्र ‘भावविश्वा’चा भाग ठरते. माया, मुकेपणा, मानवीकरण, प्रतीकात्मता ही त्याच्या चर्चेची ठरलेली परिभाषा आहे. एकाच शिवारातल्या, एकाच वहिवाटीतल्या दोन गोष्टी अशा दोन निराळ्या कप्प्यांत पडल्यामुळे त्या दोहोंना बांधणारा जो व्यवहार, तो समीक्षेच्या नजरेतून निसटतो. आनंद यादव यांच्या ‘गोतावळा’ (१९७१) या कादंबरीच्या वाचनाला या फारकतीचा सर्वाधिक फटका बसला आहे.

‘गोतावळा’ची सर्वमान्य झालेली मांडणी अशी : नारबा हा शेतावरचा गडी, त्याला स्वतःचे म्हणावे असे माणसांचे गोत नाही, मालकाच्या मळ्यावरची जनावरे, झाडे, पाखरे हाच त्याचा गोतावळा, पुढे मळ्यावर ट्रॅक्टर येतो, जनावरे विकली जातात आणि नारबाचे जग उद्ध्वस्त होते. निसर्ग आणि यंत्र यांच्या संघर्षात कृषिसंस्कृतीचा होणारा अंत, असा या मांडणीचा निष्कर्ष असतो. यातील कथानकाचा तपशील बरोबर आहे. निष्कर्ष मात्र घाईचा आहे, कारण तो ‘निसर्ग’ आणि ‘यंत्र’ या दोन पदांच्या मध्ये असलेल्या तिसऱ्या पदाला, म्हणजे मालकीला, वगळून काढलेला आहे. हे वगळणे जनावराला पिकापासून तोडून वाचल्याशिवाय शक्य झाले नसते.

पीक आणि जनावर यांचा संबंध मिश्र शेतीत नेमका कसा असतो, याचा थोडा विस्तार करणे येथे आवश्यक आहे. कारण ग्रामीण साहित्याच्या नागर वाचकाला तो गृहीत धरता येत नाही आणि ग्रामीण वाचकाला तो इतका परिचित असतो की, त्याचे वेगळे भान राहत नाही. ज्वारीच्या एका ताटाचे दोन धनी असतात. कणीस माणसाचे, कडबा जनावराचा. भुईमुगाच्या शेंगा घरात आणि बाजारात जातात, वेल गव्हाणीत पडतो. तुरीचे, हरभऱ्याचे भुसकट राखून ठेवले जाते. ऊस तोडला की वाढे दावणीला येतात. उलट दिशेने दावणीतून शेण निघते. ते उकिरड्यात कुजते, उन्हाळ्यात गाड्यांनी रानात जाते, आणि त्यातले काही शेणी होऊन चुलीत जाते. मोट, नांगर, कुळव, कुरी, गाडी ही सारी बैलाच्या खांद्यावर. मळणीची पात तिवड्याभोवती फिरते तीही बैलांचीच. उभ्या पिकात कोळपताना त्याच बैलांच्या तोंडाला मुसकी घातली जाते, कारण पीक हे एका अर्थी त्यांचे असले तरी केव्हा आणि किती हे ठरविणारा दुसराच कोणी असतो. ज्या शेतकऱ्याकडे स्वतःचे खत पुरेसे नाही तो धनगराशी ठरवून रानात मेंढरे बसवितो आणि मोबदल्यात धान्य देतो. म्हणजे हा व्यवहार एका कुटुंबाच्या बांधापाशी थांबत नाही, तो जातिव्यवस्थेच्या आणि भटक्या-स्थिर जीवनाच्या सीमा ओलांडतो. अशा शेतीत कोणतेही पीक एका खात्यात मांडता येत नाही. पेरणीच्या वेळी बियाणे निवडणारा शेतकरी धान्याबरोबर वैरणीचाही विचार करीत असतो. मोहोळ येथे निवडपद्धतीने पुढे आलेली मालदांडी ३५-१ ही रब्बी ज्वारी इतकी दीर्घकाळ टिकली, त्याचे एक कारण तिची भाकरी आणि दुसरे, तितकेच मोठे, तिचा कडबा हे आहे.

१९६४ साली सीएसएच-१ हे ज्वारीचे पहिले संकरित वाण प्रसारित झाले. त्याचे धान्य अधिक, ताट मात्र ठेंगणे. खरिपातल्या ओलीत त्याचे कणीस काळे पडे हा त्याचा बोभाटा झालेला दोष. पण कडबा कमी हा दोष त्याहून खोल जाणारा होता, कारण त्याने एका पिकाची दोन खाती तोडली. ग्रामीण बोलीत ‘हायब्रीड’ हा शब्द पुढे निःसत्त्व, पोकळ, दिसायला बरे पण आत काही नसलेले, अशा कोणत्याही गोष्टीला, अगदी नव्या पिढीलाही, लावला जाऊ लागला. शब्दाच्या या अर्थविस्ताराकडे केवळ परंपराप्रियांचा कुरकुरीचा सूर म्हणून पाहणे सोपे आहे. त्यामागे एक मोजमाप आहे, आणि ते मोजमाप गव्हाणीतले आहे.

‘गोतावळा’ या कालखंडाच्या लगेच नंतर प्रसिद्ध झाली. तिच्या शीर्षकाकडेच प्रथम पाहावे. ‘गोत’ हा शब्द ‘गोत्रा’वरून आला आणि ‘गोत्र’ या शब्दाचा वैदिक भाषेतील अर्थ गाईंचा वाडा, गोठा असा आहे. कुळ, वंश हा अर्थ नंतरचा. एकाच वाड्यात ज्यांची गुरे ती माणसे एका गोत्राची, असा हा अर्थप्रवास संभवतो. लेखकाच्या मनात ही व्युत्पत्ती होती असे म्हणण्याचे कारण नाही, आणि तसे म्हणण्याची आवश्यकताही नाही. शब्दाने मात्र आपला जुना अर्थ टाकलेला नसतो. नारबा जेव्हा गोठ्याला गोत मानतो तेव्हा तो भाषेच्या पायथ्याशी असलेल्या एका संबंधाचाच उच्चार करीत असतो. फरक इतकाच की, त्या जुन्या संबंधात गुरे ज्यांची, गोत्र त्यांचे. येथे गुरे मालकाची आहेत आणि गोत गड्याचे.

या फरकावर कादंबरीची सारी संरचना उभी आहे. नारबाचे निवेदन प्रथमपुरुषी आहे आणि ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत कागल परिसराच्या बोलीत आहे. तिच्या आधीच्या बऱ्याच ग्रामीण लेखनात संवाद बोलीत आणि निवेदन प्रमाण मराठीत, अशी वाटणी होती. ‘बनगरवाडी’त (१९५५) निवेदक शाळामास्तर आहे; तो वाडीवर बाहेरून येतो, वाडीशी एकरूप होतो आणि अखेर तेथून निघतो. त्याच्या नजरेत सहानुभूती आहे, पण ती नजर लिहिता-वाचता येणाऱ्याची आहे. ‘गोतावळा’ने ही मध्यस्थी काढून टाकली. समीक्षेने या बोलीची लय, तिची चित्रमयता, तिचा रांगडा गोडवा यांची भरपूर वाखाणणी केली. बोलीबरोबर एक हिशेबपद्धतीही येते, ही बाब मात्र दुर्लक्षित राहिली. वैरण किती उरली, कोण गाभण आहे, कोणाचा खांदा सुजला, कोणते खोंड औताला कधी लागेल, याची नोंद ठेवणारी ही भाषा आहे. माया ही या नोंदीहून वेगळी अशी काही वस्तू नाही. जो जनावराचे दात मोजतो तोच त्याच्या मानेखाली खाजवतो. जॉन बर्जर यांनी ‘व्हाय लुक ॲट ॲनिमल्स’ या निबंधात शेतकरी-मनाविषयी जे निरीक्षण केले आहे त्याचा आशय असाच आहे : जनावरावरचा जीव आणि त्याचा उपयोग या दोहोंत त्या मनाला विरोध जाणवत नाही, तो विरोध शहरी वाचकाला जाणवतो. नारबाच्या मायेला ‘मानवीकरण’ म्हणणारी समीक्षा आपले शहरीपण नकळत उघड करते. मानवीकरण करावयास आधी माणूस आणि जनावर यांत अंतर पडलेले असावे लागते.

मात्र बर्जर यांचा शेतकरी आपल्या जनावराचा मालक आहे. जीव लावणे आणि वापरणे या दोन्ही गोष्टी त्याच्या हातात आहेत. नारबाच्या हातात पहिली आहे. दुसरी अर्धीच आहे, म्हणजे जुंपण्याचे काम त्याचे आणि विकण्याचा अधिकार दुसऱ्याचा. येथे ‘गोत’ या शब्दाला निराळीच धार येते. ज्याच्याकडे सातबारा नाही, दाखला नाही, बाजारात पावती फाडण्याचा अधिकार नाही, त्याला एखाद्या वस्तूवर आपला हक्क कोणत्या भाषेत सांगता येईल? नातेसंबंधाची भाषा ही त्याच्यापाशी असलेली एकमेव भाषा आहे. नातलग विकता येत नाही. जनावर विकता येते. नारबाचे निवेदन जनावराला नातलग म्हणत राहते तेव्हा ते भावुकतेच्या आहारी गेलेले नसते. कायद्याने त्याला जे नाकारले आहे ते व्याकरणाने मिळविण्याचा तो यत्न असतो. तो यत्न फसणार हे वाचकाला आधीच कळते आणि नारबाला उशिरा कळते. कादंबरीतला ताण या दोन कळण्यांच्या मधला आहे.

ट्रॅक्टरच्या आगमनाकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे तो केवळ ‘आधुनिकतेचे प्रतीक’ राहत नाही. ट्रॅक्टर कडबा खात नाही. बैलजोडी वर्षभर खाते आणि तिच्या कामाचे दिवस हंगामापुरते असतात. मालकाच्या हिशेबातला हा जुना सल आहे. दावण मोकळी झाली की वैरणीसाठी राखलेले रान मोकळे होते, त्यात रोकड पीक घेता येते. गंजीची जागा रिकामी होते. शेणखताच्या जागी पोते येते. आणि दावणीपाशी झोपणाऱ्या माणसाची आवश्यकता उरत नाही. नारबाची चाकरी स्वतःच दावणीला बांधलेली आहे. म्हणून जनावरांची विक्री ही त्याच्या दृष्टीने गोताची ताटातूट आहे आणि त्याच घटनेत त्याच्या श्रमाचे मूल्यही शून्यावर येते. या दोन गोष्टी एकाच वेळी घडतात, एकाच कारणाने घडतात, आणि तरीही रूढ वाचन पहिलीविषयी भरभरून बोलते, दुसरीविषयी मौन पाळते. रेमंड विल्यम्स यांनी ‘द कंट्री अँड द सिटी’ (१९७३) या ग्रंथात इंग्रजी ग्रामकाव्याने शेतातले श्रम कसे अदृश्य केले याची चिकित्सा केली आहे. मराठी ग्रामीण कादंबरीवर तो आक्षेप त्याच स्वरूपात घेता येत नाही. तिच्यात श्रम पानोपानी आहेत. अदृश्य झाली आहे ती मालकी, आणि ती कादंबरीत झालेली नसून तिच्या वाचनात झालेली आहे. ‘कृषिसंस्कृतीचा अंत’ या शब्दप्रयोगात मालक आणि गडी दोघेही एकाच हरवलेल्या नंदनवनाचे रहिवासी ठरतात. मालकाने ते नंदनवन विकले आणि गड्याने गमावले, हा फरक मग पुसला जातो.

कादंबरीच्या मर्यादेचाही उल्लेख येथे करावयास हवा. नारबाच्या नजरेला बांधून घेतल्यामुळे मालकाचा हिशेब निवेदनात येतो तो नारबाला दिसेल तेवढाच. १९६०-७० च्या दशकांतील सहकारी पतपुरवठा, ऊसाचे वाढते क्षेत्र, विहिरींवर बसलेली इंजिने आणि विजेचे पंप, मोट नाहीशी झाल्यामुळे बैलांचे आधीच घटलेले काम, ही सारी साखळी या चौकटीत मावणे अवघड होते. वाचकासमोर उभे राहते ते यंत्र, आणि रोष यंत्रावर जातो. रूढ समीक्षेला ‘निसर्ग विरुद्ध यंत्र’ हे सूत्र कादंबरीनेच काही अंशी पुरविले आहे, हे मान्य करणे प्रामाणिकपणाचे होईल. तथापि सूत्र पुरविणे आणि सूत्रात संपणे यांत अंतर आहे.

या वाचनाची कसोटी त्याच लेखकाच्या दुसऱ्या ग्रंथावर घेता येते. ‘झोंबी’ (१९८७) ही यादवांच्या आत्मकथनमालेतील पहिली कृती. परिसर तोच, अवजारे तीच, मोट तीच, गुरेही तीच म्हणावी अशी. पण येथे निवेदक गडी नाही, घरातला मुलगा आहे. आणि त्याच्या दृष्टीने गोठा हा शाळेच्या आड येणारा पहिला अडसर आहे. गुरे राखणे, वैरण आणणे, मोट हाकणे या कामांतून सुटका म्हणजे शिक्षण. दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या या कुटुंबात मुलाच्या श्रमाला मोल नसते, म्हणून तो सर्वांत स्वस्त गडी असतो. ‘कुटुंबाची शेती’ हे पद अर्थशास्त्राच्या पुस्तकांतून मोठ्या जिव्हाळ्याने वापरले जाते. त्या कुटुंबात मुले आणि स्त्रिया कोणत्या अटींवर मोडतात हे ‘झोंबी’ने दाखविले. ‘गोतावळा’त चाकरीचा माणूस जनावरांना कुटुंब म्हणतो, ‘झोंबी’त कुटुंबातली माणसे जनावरांसारखी जुंपली जातात. आत्मकथनाच्या साक्षीने कादंबरीचे खंडन करू नये हे खरे, कारण दोन साहित्यप्रकारांचे सत्य निराळे. तरीही या दोन कृती शेजारी ठेवून वाचल्यावर गोठ्याकडे निरपवाद प्रेमाने पाहणे कठीण होते. आपल्या ग्रामीण साहित्यविषयक लेखनात, उदाहरणार्थ ‘ग्रामीणता : साहित्य आणि वास्तव’ (१९८१) या ग्रंथात, यादवांनी ग्रामीण जीवनाचे वास्तव आणि त्याचे साहित्यरूप यांच्या संबंधाचा विचार केला, त्या विचाराची खरी परीक्षा त्यांच्या या दोन ललितकृतींच्या परस्परविसंगतीत आहे.

‘बनगरवाडी’तही एक प्रसंग असा आहे, की जेथे जोडीच्या बैलाअभावी औताला बाई खांदा लावते. माडगूळकरांच्या संयत शैलीत तो येतो आणि जातो. पण त्या प्रसंगाने स्त्री आणि पशुधन यांच्या संबंधाचा जो प्रश्न उभा केला, त्याचा पाठपुरावा मराठी ग्रामीण कादंबरीने फारसा केला नाही. तिचे जनावर बहुधा बैल असते. बेंदूर असो वा पोळा, सण बैलाचा, शोकही बैलाचाच. म्हैस, शेळी, कोंबडी या स्त्रियांच्या हाताखालच्या जीवांना कथेत जागा मिळते, पण ती बहुधा विनोदाची वा दारिद्र्यदर्शनाची. धार काढणे, शेण भरणे, शेणी थापणे, रेडकू जगविणे, अंडी मोजून आठवड्याच्या बाजाराला धाडणे या कामांना आणि त्यांतून उभ्या राहणाऱ्या तुटपुंज्या पण स्वतःच्या पैशाला कादंबरीच्या केंद्रस्थानी आणणारी कृती शोधावी लागते. बहिणाबाई चौधरींच्या गाण्यांत (ग्रंथरूपाने १९५२) मोट, पेरणी, पोळा आणि घर ही एकाच श्वासात येतात. तेथे पिकाचे आणि जनावराचे खाते वेगळे पडलेले नाही. ही एकात्मता गद्याने का टिकविली नाही याचे उत्तर निवेदकाच्या लिंगात काही प्रमाणात शोधता येईल.

याचा परिणाम केवळ प्रतिनिधित्वापुरता नाही. बैल गेला म्हणजे दावण संपली, असे समजणाऱ्या शोककथेला पुढे काय घडले हे दिसतच नाही. कोल्हापूर जिल्ह्याचा सहकारी दूध संघ १९६३ साली स्थापन झाला. देशपातळीवर दूधमहापूर योजना १९७० साली सुरू झाली. म्हणजे ‘गोतावळा’ प्रसिद्ध होत असतानाच त्या परिसरातली दावण रिकामी होण्याऐवजी बदलू लागली होती. बैलाच्या जागी म्हैस आली, पुढे जर्सी आणि होल्स्टिनचे संकर आले. वैरणीच्या रानात मका, लसूणघास, हत्तीगवत आले. शेतीचा पैसा सुगीला येई. दुधाचा पैसा दर दहा दिवसांच्या बिलाने येऊ लागला, आणि कुटुंबाच्या कालगणनेतच फरक पडला. पहाटे व संध्याकाळी संकलन केंद्राच्या वेळेला बांधलेला हा दिनक्रम प्रामुख्याने स्त्रियांच्या श्रमावर चालतो, पण संस्थेच्या सभासदपुस्तिकेवर नाव अनेकदा पुरुषाचे असते. नारबाचा प्रश्न येथे नव्या रूपाने पुन्हा उभा राहतो : सांभाळणारा एक, नावावर दुसऱ्याच्या. कथात्म साहित्याला यात मोठे आशयद्रव्य होते. दुष्काळ आणि आत्महत्या यांनी व्यापलेल्या पुढील काळातील कादंबरीने त्याकडे त्या मानाने कमीच लक्ष दिले. सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’सारख्या (२००२) महत्त्वाच्या कादंबरीतही केंद्रस्थानी येतो तो शिकून बेकार राहिलेल्या तरुणाचा आणि कोरडवाहू शेतीच्या कोंडीचा प्रश्न, म्हणजे पुन्हा पिकाचा.

गोताची आणखी एक सीमा आहे. जनावर जिवंत असेपर्यंत ते मळ्याचे, दावणीचे, गोताचे. ते मरते तेव्हा त्याला ओढून नेण्यासाठी गावकुसाबाहेरचा माणूस बोलवावा लागे, आणि तेथून पुढे ते जनावर ग्रामीण कादंबरीतून निघून एका निराळ्या वाङ्मयप्रकारात प्रवेश करते. मेलेल्या ढोराचे मांस, कातडे, त्यावरची भांडणे आणि घोंघावणाऱ्या घारी-गिधाडे यांचे जग ‘बलुतं’सारख्या (१९७८) दलित आत्मकथनांतून आले. १९२७ साली महाड येथील परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मृतमांस खाणे सोडण्याचे आवाहन केले. तो गावगाड्यातील जनावराच्या या उत्तरार्धालाच दिलेला नकार होता. ग्रामीण आणि दलित या दोन प्रवाहांचे संबंध हा १९७० नंतरच्या मराठी समीक्षेचा बहुचर्चित विषय. ती चर्चा बहुतेक वेळा भूमिकांच्या आणि संमेलनांच्या पातळीवर झाली. एकाच जनावराचे आयुष्य दोन वाङ्मयप्रकारांत विभागले गेले आहे, आणि पूर्वार्धात ज्याला गोत म्हटले त्याला उत्तरार्धात हात लावणेही विटाळाचे ठरते, ही गोष्ट संहितांच्या पातळीवर तपासली असती तर ती चर्चा अधिक फलदायी झाली असती. ‘गोतावळा’तला नारबा भूमिहीन आहे. गावकुसाच्या आतला भूमिहीन आणि बाहेरचा भूमिहीन यांच्यात एका मेलेल्या बैलाइतके अंतर असते, हे या कादंबरीच्या परिघावर उभे राहिल्याशिवाय दिसत नाही.

पीक, जनावर आणि मालकी या तिन्ही गोष्टी एका हिशेबात मांडणारे गद्य मराठीत नव्हते असे मात्र नाही. महात्मा फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) हा ग्रंथ वैचारिक गद्य म्हणून वाचला जातो. त्याच्या कथनात्मतेकडे फार थोड्यांचे लक्ष गेले. जंगल खात्याने गावची चराईची राने ताब्यात घेतल्यामुळे शेतकऱ्याला गुरे पाळणे अशक्य होते, गुरे घटल्यामुळे खत आणि मशागत घटते, त्यामुळे पीक बसते आणि सारा मात्र तसाच राहतो, अशी कारणांची सलग मालिका फुले उभी करतात. त्यात जनावराविषयी कळवळा आहे; पण तो कळवळा हिशेबाला सोडून जात नाही. शेतकऱ्याच्या घराचे जे बारकाईचे वर्णन त्यांनी केले आहे त्यात माणसे आणि गुरे एकाच छपराखाली येतात आणि वाचकाला गोडवा न वाटता गुदमरल्यासारखे होते. पुढच्या ग्रामीण कादंबरीने आपला वारसा निवडताना या गद्याऐवजी प्रादेशिकतेच्या आणि निसर्गवर्णनाच्या वाटेने जाणे पसंत केले, आणि तिच्या समीक्षेनेही तोच मार्ग धरला. ‘असूडा’च्या प्रकाशात ‘गोतावळा’ वाचली तर नारबाचा विलाप एका शंभर वर्षांच्या हिशेबातील एक नोंद म्हणून ऐकू येतो, आणि तो त्यामुळे कमी हृदयद्रावक ठरत नाही.

कादंबरीतील विक्रीच्या घटनेचा अर्थही आज पूर्वीसारखा राहिलेला नाही. महाराष्ट्रात १९७६ च्या पशुसंरक्षण कायद्याने गाईंच्या कत्तलीवर बंदी होती. २०१५ साली अंमलात आलेल्या दुरुस्तीने ती बैल आणि वळू यांच्यापर्यंत नेली. म्हातारा बैल विकून त्यात भर घालून नवा घेणे, हा मिश्र शेतीच्या भांडवलाचा जुना मार्ग त्यामुळे खुंटला. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील नर गोवंशाची संख्या आधीच्या, २०१२ च्या गणनेपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी घटलेली आढळली. यंत्रांनी सुरू केलेली घट बाजाराच्या कोंडीने आणखी तीव्र केली असे अनुमान त्यावरून करता येईल. ‘गोतावळा’ १९७१ साली वाचणाऱ्यास विकणारा मालक हा निष्ठुर वाटला असेल. आजच्या वाचकापुढे विकू न शकणारा मालकही उभा आहे, आणि सोडून दिलेले जनावर रात्री कोणाच्या तरी उभ्या पिकात शिरत आहे. गोत म्हणून किंवा पवित्र म्हणून विक्रीबाहेर ठेवलेल्या जनावराला वैरण कोणी घालावयाची, हा प्रश्न नारबाला पडला नव्हता. त्याची वैरण मालकाच्या रानातून येत होती.

जनावर विकताना अनेक ठिकाणी दावे देत नाहीत. विकणारा ते सोडून स्वतःपाशी ठेवतो आणि घेणारा आपले दावे बरोबर आणतो. दावणीची बरकत घरी राहावी अशी त्यामागची समजूत. मालकाच्या बाबतीत या चालीचा अर्थ सरळ आहे. रिकाम्या दावणीपुढे गडी उभा असताना ते दावे कोणाच्या हातात राहते, हे नारबाच्या निवेदनाच्या शेवटच्या भागाशी ताडून पाहण्यासारखे आहे.